पोकळीचे भाडे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आमच्या गावाविषयी वर्तमानपत्रांत बरेच लिहून येते. शिकलगारांनी शस्त्रांना धार लावायचे काम सोडून वाद्ये कशी घडवायला घेतली, गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत कसे राहिले, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे इकडे कसे येतात, हे सगळे छापून येते आणि वाचून बरे वाटते. पण तयार झालेला तंबोरा गिऱ्हाइकाच्या घरी पोचतो कसा, यावर कुणी दोन ओळी लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे. मालक आणि दीर वाद्य घडवतात, मुलगी फोनवर फोटो टाकते, येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देते, आणि पॅकिंग, वजन, भाडे, तक्रार हे माझे खाते. गेली सात वर्षे मी ते बघते आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक स्वतः मिरजेला यायचे, दोन दिवस राहायचे, चार दुकानांत बसून तारा छेडून बघायचे, जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवायचे काम, आपल्यासमोर करून घ्यायचे आणि तंबोरा मांडीवर घेऊन रेल्वेने परत जायचे. सासरे सांगायचे की, डब्यात तंबोरा दिसला की लोक सरकून जागा द्यायचे. आता भोपाळची विद्यार्थिनी फोनवर आवाज ऐकते, पैसे पाठवते आणि विचारते, ‘‘काकू, घरपोच किती दिवसांत?’’ विक्री वाढली ती अशा गिऱ्हाइकांमुळेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एरवी भोपाळची मुलगी आमच्या गल्लीत कधी आली असती?

अडचण तंबोऱ्याच्या आकारात आहे. पुरुषी सुराचा मोठा तंबोरा घ्या. उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास, भोपळ्याचा घेर ५२ इंच, म्हणजे आडवा ४२ सेंटिमीटर. आणि वजन? चार-साडेचार किलो. एवढे मोठे वाद्य एका हाताने उचलता येते, कारण आतून ते सगळे पोकळ आहे. भोपळा पोकळ, दांडी पोकळ. पोकळी आहे म्हणूनच ते बोलते. पण त्याला पेटीत घातले की पेटी होते १५५ लांब, ५० रुंद, ४४ उंच.

कुरिअरवाले फक्त काट्यावरचे वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागायचे. येईल ते ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन. काट्यावरचे आणि हे, यांत जे जास्त त्यावर भाडे. काही ठिकाणी भाजक ५००० पेक्षाही कमी असतो, म्हणजे वजन आणखी फुगते. आमच्या पेटीचा हिशोब ६८ किलोच्या थोडा वर जातो, तो ६९ धरतात. काट्यावर तीच पेटी, तंबोऱ्यासकट, १३ किलो भरते.

आता रुपयांत सांगते. गेल्या खेपेला आम्हाला किलोला ४५ रुपये दर मिळाला. त्यावर १५ टक्के इंधन अधिभार, त्यावर १८ टक्के जीएसटी. ६९ किलोचे झाले सुमारे ४,२०० रुपये. १३ किलोवर हिशोब केला असता तर ८०० सुद्धा झाले नसते. तंबोरा होता २२ हजारांचा. भोपळा निवडण्यापासून जवारीपर्यंत ज्यांनी हात लावला त्यांची मजुरी, लाकूड, तारा, पॉलिश सगळे त्या २२ हजारांत, आणि त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतके पैसे नुसते पोचवायचे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हाताने घडवलेल्या भारतीय वाद्यांना जीएसटी माफ आहे. सरकारने ती सवलत कारागिराचा विचार करूनच दिली असेल. पण वाद्यावर करच नसल्यामुळे भाड्यावर भरलेला १८ टक्के कर आम्हाला कशातूनच वळता करून घेता येत नाही. तो सगळा आमच्या किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

गाडीतली जागा अडते, हे मला कळते. टेम्पोत आमच्या दोन पेट्या ठेवल्या की पुस्तकांचे वीस खोके कमी बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आकारमान धरूच नका, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की विमानाच्या पोटातली जागा आणि ट्रकच्या हौद्यातली जागा यांना एकच भाजक लावू नये. आमचे पार्सल विमानाने जातच नाही. ते ट्रकने जाते, सहा-सात दिवस घेते, आणि तरी हिशोब विमानासारखाच, कधी त्याहून कडक.

स्वस्त पडावे म्हणून पॅकिंग कमी करायचा मोह होतो. आम्ही तो एकदा केला आणि त्याचे फळ भोगले. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भोपाळच्या एका मुलीचा पहिलाच स्वतःचा तंबोरा. मी पेटी दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर घट्ट केली, म्हणजे भाडे सातशे-आठशेने उतरले. बाहेर ‘काच, सांभाळून’ असे हिंदीत आणि इंग्रजीत लाल अक्षरांत लिहिले. आठव्या दिवशी तिने फोटो पाठवला. भोपळ्याला लांब चीर, आणि दांडी गुलूच्या, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या गळ्याच्या, सांध्यात हललेली. पेटीच्या पुठ्ठ्यावर एक खोल खड्डा, म्हणजे कुणीतरी ती उभी आपटली होती. कंपनीने उत्तर दिले की, पॅकिंग अपुरे होते, भरपाई मिळणार नाही. मालकांनी त्या मुलीला दुसरा तंबोरा भाड्यासकट पाठवला. फुटलेला परत मागवायला जेवढे भाडे लागणार होते, तेवढे भरून तो मागवण्यात अर्थ नव्हता. तो तिकडेच कुणा दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला. दिराने घडवलेले ते वाद्य होते. तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

त्यानंतर मी पॅकिंगकडे नीट लक्ष दिले. जे शिकले ते इथे लिहिते, कारण आमच्यासारखे पुष्कळ जण आहेत. कुणी आकाशकंदील पाठवते, कुणी वेताचा झोपाळा, कुणी बांबूच्या खुर्च्या, कुणी मखर. सगळ्यांचे दुखणे हेच, वस्तू हलकी आणि आकार मोठा.

तंबोरा पेटीत घालण्याआधी तारांचा ताण काढायचा. तारा पूर्ण सोडायच्या नाहीत, नाहीतर घोडी जागची सरकते आणि मग घोडीच तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घासून पॉलिश घालवते. घोडीखाली मऊ फडके आणि वरून सुती पट्टी. जवारीचे दोरे, म्हणजे आवाज गुंजावा म्हणून घोडीवर तारेखाली घालतात ते, काढून पाकिटात घालायचे आणि ते पाकीट खुंटीला बांधायचे, म्हणजे मिळाल्यावर शोधाशोध होत नाही. तारांत ओवलेले, सूर बारीक जुळवायचे मणके घोडीकडे सरकवून फडक्यात गुंडाळायचे. एक मणका सैल राहिला तर सातशे मैल तबलीवर नाचत जातो आणि तिथे बारीक खळगे पाडतो.

मग भोपळा. पुष्कळ जण भोपळ्याला भरपूर बबल रॅप गुंडाळतात आणि समजतात की काम झाले. भोपळा गुंडाळण्यापेक्षा तो पेटीच्या कुठल्याही भिंतीला टेकणार नाही, हे बघणे महत्त्वाचे. फुटतो तो बहुधा पेटीच्या भिंतीतून बसलेल्या दणक्याने. आम्ही गादीवाल्याकडून फोमची कात्रणे किलोवर आणतो. नव्या फोमच्या मानाने ती फार स्वस्त पडतात. त्यातून अर्धगोल खाच कापून भोपळ्याखाली एक आणि वरून एक अशा दोन बैठका करतो. तिसरा आधार गुलूच्या बरोबर खाली आणि चौथा दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे. एका बाजूला जड भोपळा, दुसऱ्या बाजूला लांब दांडी, धक्का बसला की सगळा पीळ त्याच सांध्यावर येतो. भोपाळचा तंबोरा तिथेच गेला, कारण मी भोपळ्याला फोम लावला होता आणि गुलू अधांतरी ठेवला होता.

गवत-पेंढा आता वापरत नाही. सासऱ्यांच्या काळी पेंढ्यात भरून वाद्ये जायची आणि नीट जायची, पण तेव्हा ती दोन दिवसांत पोचत होती. पावसाळ्यात पेंढा ओल धरतो, पेटी गोदामात आठवडाभर पडली की सरसाने जोडलेले सांधे फुगतात. त्यापेक्षा जुनी सुती गोधडी बरी. गल्लीतल्या बायका जुन्या गोधड्या आणून देतात, मी त्यांना नवीन चादर देते. आणि पाऊस असो-नसो, सगळ्याच्या वरून जाड प्लॅस्टिकचा एक थर.

पेटीसाठी फ्रिजच्या दुकानातले खोके चालतात. सात पदरी पुठ्ठा असतो, आणि दुकानदार ते रद्दीच्या भावाने देतो. कोपऱ्यांना चार मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या लावल्या की उभे आपटले तरी दणका कडेवर जातो. परदेशी पाठवायचे असेल तर अख्खी पेटी प्लायवूडची करावी. आम्ही पहिल्यांदा न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबासाठी पाइनच्या पट्ट्यांची पेटी केली, तर ती मुंबईतूनच परत आली. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगमधले अखंड लाकूड किडीच्या भीतीपोटी ५६ अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर तसा शिक्का मारावा लागतो. प्लायवूडला तो नियम लागू नाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितले असते तर येण्या-जाण्याचे भाडे वाचले असते.

आणि आता माझा सगळ्यात उपयोगी पडलेला शोध. शोध म्हणायला लाज वाटते, इतका तो साधा आहे. एकदा मुलीच्या नव्या बुटांचा खोका उघडला. एक बूट इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. माझ्या मनात आले, तंबोराही बुटासारखाच आहे, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. एका पेटीत एक तंबोरा घातला तर दांडीच्या दोन्ही बाजूंची जागा नुसती हवेने भरते, आणि त्या हवेचे आपण भाडे भरतो. दोन तंबोरे उलटसुलट, जरा तिरके घातले तर एकाची दांडी दुसऱ्याच्या भोपळ्याशेजारी बसते. लांबी तीच १५५, उंची तीच ४४, रुंदी ५० ऐवजी ६४. हिशोब येतो ८७.३, धरतात ८८ किलो. भाडे ५,४०० च्या आसपास, म्हणजे एका वाद्यामागे २,७००. चार हजार दोनशेचे सत्तावीसशे झाले, तेही पॅकिंगमध्ये काही न कापता. उलट जोडीची पेटी जड असल्यामुळे कुणी एकटा हमाल ती उचलून फेकत नाही, दोघे मिळून ठेवतात. जोडीने पाठवलेले एकही वाद्य आजवर फुटून आलेले नाही.

पण जोडी जमायला एकाच गावाची किंवा एकाच वाटेवरची दोन गिऱ्हाइके लागतात, आणि एका घराला ती रोज कुठून मिळणार? आमच्या गल्लीत इतकी घरे वाद्य करतात. कुणाचा पुण्याला एक जातो, कुणाचा दिल्लीला एक जातो, आणि प्रत्येक जण स्वतंत्र पेटी करून हवेचे भाडे भरतो. आठवड्यातून दोन दिवस, एका ठिकाणी, सगळ्यांच्या पेट्या वाटेप्रमाणे जुळवून भरल्या तर? त्यासाठी मोठी इमारत नको. एक कोरडे गोदाम, एक लांब टेबल, एक काटा आणि फोम कापायचे यंत्र पुरे. महिन्याला ठरावीक पेट्या मिळणार म्हटल्यावर ट्रान्सपोर्टवालाही दर आणि भाजक यांवर बोलायला बसेल. एकट्या बाईशी तो बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. मानांकनासाठी सगळे कारागीर एकत्र आले, कागदपत्रे झाली, आता हे एवढे का होऊ नये? नगरपालिका असताना आणि आता महापालिकेत, आम्हाला प्रदर्शनांसाठी जागा मिळाली आहे. एका गोदामाची जागा मागणे मला जास्तीचे वाटत नाही.

दुसरे मागणे रेल्वेकडे. मिरज जंक्शन आहे. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, पंढरपूर, चारी दिशांना इथून गाड्या जातात. गोवा एक्सप्रेस इथून थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते. रेल्वेच्या पार्सलचा खर्च आम्हाला कुरिअरच्या मानाने पुष्कळ कमी पडला आहे. तरी कारागीर रेल्वेकडे वळत नाहीत. याची कारणे दोन. इथे गाडी काही मिनिटेच थांबते आणि त्या घाईत पेटी कशी चढवली जाते ते बघवत नाही. आणि तिकडे गिऱ्हाइकाला स्वतः स्टेशनवर जाऊन पेटी सोडवावी लागते, उशीर झाला तर वर दंड. साठीतल्या एका गानशिक्षिकेला मी निजामुद्दीनच्या पार्सल ऑफिसात जा, असे कसे सांगू? पार्सलच्या डब्यात वाद्यांसाठी एक फळी, मोठ्या शहरांत घरपोच द्यायची सोय आणि त्याचे माफक पैसे, एवढे झाले तरी आमची निम्मी पार्सले रेल्वेने जातील. जवळच्या गावांना आम्ही एसटी आणि ट्रॅव्हल्सने पाठवतो. कोल्हापूर, सोलापूर, पुण्याला ते बरे पडते, ड्रायव्हर ओळखीचे आहेत, डिकीत आडवी पेटी नीट बसते. पोस्टाने सुटे सामान जाते, म्हणजे घोड्या, खुंट्या, तारांचे संच. अखंड तंबोरा पोस्टाच्या मापात बसत नाही.

गिऱ्हाइकांनाही एक सांगायचे आहे. मोठ्या संकेतस्थळांनी ‘डिलिव्हरी फ्री’ ची इतकी सवय लावली आहे की, भाडे वेगळे सांगितले की लोकांना फसवल्यासारखे वाटते. फुकट काहीच पोचत नाही. तिकडे भाडे किमतीत मुरवलेले असते, आणि ज्याची वस्तू हलकी-लहान त्याला ते मुरवता येते. आम्ही मुरवले तर पुण्याच्या गिऱ्हाइकाने गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचे भाडे भरल्यासारखे होईल. म्हणून मी वाद्याची किंमत वेगळी आणि भाडे वेगळे सांगते, पावतीचा फोटो पाठवते. आणि विचारते, ‘‘दहा-पंधरा दिवस थांबाल का? जोडीदार मिळाला तर दीड हजार वाचतील.’’ बहुतेक लोक थांबतात. गाणे शिकणाऱ्या माणसाला थांबायची सवय असते, असा माझा अनुभव आहे.

थांबत नाहीत ते दुसरीकडे वळतात, आणि मला खरी काळजी त्यांची आहे. पोचवायचे चार हजार ऐकले की पालक म्हणतात, राहू दे, सध्या मशीनचा तंबोरा घेऊ, नाहीतर फोनवर ॲप आहेच. मशीन पिशवीत मावते, त्याचे भाडे शंभर-दीडशे. मशीन वाईट, असे मी म्हणत नाही, प्रवासात त्याचा उपयोग आहे. पण ज्या मुलीने एकदाही मांडीशी तंबोरा धरून, स्वतःच्या बोटाने जोडाच्या, म्हणजे एकाच सुराच्या मधल्या दोन, तारा एकमेकींत मिसळेपर्यंत मणका सरकवलेला नाही, तिला सूर लागणे म्हणजे काय हे अंगाला कळत नाही. हे मी कारागिराच्या घरातली म्हणून बोलत नाही, मी स्वतः अकरा वर्षे गाणे शिकले आहे. ती मुलगी तंबोरा घेत नाही तो वाद्य महाग म्हणून नव्हे. २२ हजार जमवायची तिच्या घरच्यांची तयारी असते. अडते ते भाड्यावर.

आत्ता हे पत्र लिहिताना माझ्या मागे, भिंतीला टेकून, नागपूरचा एक तंबोरा गुंडाळून उभा आहे. गिऱ्हाईक शिक्षक आहेत, बारा दिवस थांबले आहेत, रविवारपर्यंत थांबतो म्हणालेत. शेजारच्या दोन घरांत विचारून आले, त्यांच्याकडे त्या वाटेचे सध्या काही नाही. आपल्या वाचकांपैकी नागपूर, वर्धा, अमरावतीकडे कुणाला मिरजेहून वाद्य मागवायचे असेल, कुणाच्याही दुकानातून असो, तर त्या दुकानदाराला सतारमेकर गल्लीत विचारायला सांगा. पेटीत एक जागा रिकामी आहे.

आपली,
एका तंतुवाद्य कारागिराच्या घरातील वाचक,
मिरज